माझं बोलून व्हायचंय

"दे गं ती फाईल इकडे," पावसकर सिस्टर म्हणाल्या. "तू बोलत बसलीस तर अक्काताईंना इथं दारातच संध्याकाळ व्हायची."

वॉर्डातल्या दोघीतिघी फिस्सकन हसल्या. ट्रॉली ढकलत आलेले आमचे बंडूमामाही हसले, आणि मग माझं तोंड बघून त्यांनी ओठ मिटले. मी फाईल सोडली नाही. एक टोक माझ्या हातात, दुसरं सिस्टरांच्या. त्यांनी हलकाच हिसका दिला आणि फाईल गेली. मी आपली रिकाम्या हातानं उभी.

मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. कोल्हापूरकडचा एक ट्रस्टचा दवाखाना. नाव कशाला सांगू? मी वरच्या मजल्यावर आयसीयूत, आणि खाली बायकांच्या सर्जरी वॉर्डाच्या इन्चार्ज पावसकर सिस्टर. पेशंट जरा सावरला की आम्ही त्याला खाली पोचवायचो आणि 'ओव्हर' द्यायचो. म्हणजे या माणसाबद्दल आपल्याला जे जे ठाऊक आहे ते सगळं घेणाऱ्या सिस्टरच्या पदरात घालायचं. आमच्याकडची रीत अशी की ओव्हर तोंडीच द्यायचा, पेशंटच्या पायाशी उभं राहून. फाईल त्यानंतर.

आणि माझी जीभ अडखळते. आजही अडखळते, लहानपणापासूनची सोबतीण आहे ती. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं हेमलता, आणि जीभ अडते ती नेमकी 'ह'वर. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मी नुसता हात वर करायची.

आठवड्यापूर्वीच मेट्रन बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. बाई वाईट नव्हत्या, उलट पाण्याचा ग्लास पुढे सरकवून बोलल्या. "हेमलता, तुझा हात हलका आहे. सुई टोचलेली पेशंटला कळत नाही. पण जिला ओव्हर देता येत नाही, तिला मी पेशंटजवळ कशी ठेवू? तुमच्या आयसीयूच्या लोबो सिस्टर म्हणतात थोडं थांबा, म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबते. नाही जमलं तर लिनन रूमला जा. चादरी बघायला बोलावं लागत नाही."

होस्टेलवर येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. मला चादरी नको होत्या. मला माणसं हवी होती. त्यासाठीच घरच्यांशी भांडून मी नर्सिंगला आले होते.

तर पावसकर सिस्टर. या बाईचा हात धरणारी नर्स त्या दवाखान्यात नव्हती. अख्ख्या वॉर्डाचा ओव्हर त्या केसाला पिना लावता लावता घ्यायच्या. झपाटा असा की समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं त्याच पुरं करायच्या, मग समोर शिकाऊ पोरगी असो की मोठे सर्जन. त्यात त्यांना गैर काही वाटायचं नाही. वेळ वाचतो, त्या म्हणायच्या. माझ्या बाबतीत तर त्यांना वाटायचं की आपण हिला मदतच करतोय. बिचारीचे हाल कशाला?

त्या दिवशीही त्यांनी फाईल उघडली आणि भराभर वाचायला लागल्या. "अक्काताई मगदूम. आतड्याला भोक पडलं होतं, शिवलं. ताप नाही. बीपी बरं. नळीतून येतंय ते कमी झालंय. लघवी व्यवस्थित. हसतात, बोलतात, तक्रार नाही. छान!" फाईल मिटली. "घ्या गं अक्काताईंना पाच नंबरवर."

"सि...स्टर," मी म्हटलं. "त्या ह... ह..."

"हसतमुख आहेत, दिसतंय की! असेच पेशंट पाठवत जा आम्हाला."

मला म्हणायचं होतं ते नेमकं उलटं होतं.

अक्काताई आमच्याकडे होत्या तेव्हा मी त्यांच्या शेजारून हलायची नाही. पन्नाशीची, शिरोळकडची शेतकरीण, हातावर हिरवं गोंदण. पहिल्याच ड्रेसिंगला त्यांनी आम्हाला हसवून हसवून लोळवलं. जखमेवरची पट्टी निघत होती आणि बाई नवऱ्याची फजिती सांगत होत्या. ड्रेसिंग झालं आणि एकदम गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. खोकला काढायला उठवून बसवलं की विनोद सुरू, आडवं केलं की शांत. मी हे बघत राहिले. बोलायला जमत नाही त्या माणसाला बघायला भरपूर वेळ असतो.

एकदा दुपारी त्यांचे पाय चेपताना मी बळ करून विचारलं, "अ...क्काताई, दुखलं की तु...म्ही ह...सता?"

त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, तू बरी हाईस. मदी मदी तोंड घालत न्हाईस, म्हणून तुला सांगतो. आमच्या घरात रडायची सोय न्हवती. सासू म्हनायची, कोन मेलंय म्हणून रडतीस? मग मी हसायला शिकलो. पैल्या बाळंतपणात सुईण म्हनली, ही बया याड लागल्यागत का हसायलीया? आता ती सासू बी गेली, पर सवय काय जात न्हाई बघ."

हे मी लोबो सिस्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं शेवटपर्यंत, त्यांचा स्वभावच तसा होता. मग म्हणाल्या, "हे फाईलमध्ये लिही, आणि खाली तोंडानंही सांग. दोन्ही कर." मी लिहिलं होतं. दुखतं तेव्हा हसतात, बोलतात. एरवी तक्रार नाही. पण पावसकर सिस्टर वाचतानासुद्धा मधलं गाळून पुढचं आपल्या मनानं पुरं करायच्या, त्याला मी काय करू?

त्या दिवशी सकाळी अक्काताई अगदी शांत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, खाली न्या म्हणाले. मागे एक अपघाताचा पेशंट यायचा होता, त्याला पलंग हवा होता. आम्ही निघालो. लिफ्टजवळ ट्रॉलीला धक्का बसला, आणि त्यानंतर अक्काताईंनी तोंड उघडलं.

"मामा," त्या बंडूमामांना म्हणाल्या, "तुमचं प्वाट बघून वाटतंय, ऑप्रेशन तुमचंच करायचं ऱ्हायलंय."

मामा खो खो हसले. अक्काताईही. धक्क्यानं दुखलं असेल, थांबेल, असं मी मनाला समजावत राहिले. वॉर्ड येईपर्यंत काही त्या थांबल्या नाहीत.

आणि आता त्यांना पाच नंबरवर घेत होते. पावसकर सिस्टर माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेल्यासुद्धा. दुपारच्या पाळीच्या नर्सा आल्या होत्या, सकाळच्या घरी जायच्या घाईत होत्या, पलंगा-पलंगाशी ओव्हर चालला होता. माझं काम सगळ्यांच्या मते झालं होतं. "चला सिस्टर," मामा म्हणाले. मी रिकाम्या ट्रॉलीमागे लिफ्टपर्यंत गेले.

मामांनी लिफ्टचं दार ओढलं आणि वॉर्डातून हशा ऐकू आला. एकटीदुकटीचा नाही, चांगला दहाबारा बायकांचा. त्यात अक्काताईंचा आवाज सगळ्यात वर.

"मामा, जा तु...म्ही," मी म्हटलं आणि मागे फिरले.

आत जत्रा भरली होती. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं टाके सांभाळायला पोटावर उशी दाबून धरली होती. अक्काताई सांगत होत्या, "आमचं मालक भेटायला आलं, सलाईनची सुई बघितली आन् चक्कर येऊन धाडदिशी पडलं! नर्सबाई मला सोडून त्यांच्याकडं पळाल्या. मी म्हनलं, अवो, पेशंट मी हाय!"

सगळ्या हसत होत्या. मी पावसकर सिस्टरांकडे गेले. त्या दोन नंबरच्या पलंगाशी नव्या पाळीच्या मुलींना माहिती देत होत्या.

"काय गं, काय राहिलं?"

मी तोंड उघडलं. काही म्हणजे काही येईना. एरवी मी वाट बदलते, अडणारा शब्द टाळून दुसरा घेते. अडखळणाऱ्या सगळ्यांनाच ही पळवाट ठाऊक असते. पण हसण्याला दुसरा शब्द आणू कुठून? मी अक्काताईंकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. अक्काताई हसत होत्या. ते बघून सगळ्या पुन्हा हसल्या.

"चप्पल राहिली का त्यांची?" एक मुलगी म्हणाली.

मी नाही म्हणून मान हलवली.

"एक्स-रे?"

"नातेवाईक वर आहेत? पाठवून दे."

"औषधाची पिशवी असेल."

"त्या... ह..."

"हात दुखतोय? सलाईनचा?"

"नाही! ह..."

"अगं, लिहून दे ना," पावसकर सिस्टर म्हणाल्या आणि खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या मुठीत घातलं. मनापासून, मायेनं घातलं. तिथं माझ्या डोक्यात तिडीक गेली. लिहिलेलं होतंच की! माझ्या अक्षरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांनीच वाचून मिटलेलं. मी पेन पलंगावर टाकलं.

"मधे बोलू नका!"

हे वाक्य मात्र खाडकन आलं, एका दमात. रागात माझी जीभ कधीकधी धावते. पण निघालं ते इतक्या मोठ्यानं की वॉर्डाच्या पार टोकाच्या बाईनं मान वळवली. कालची पोरगी पावसकर सिस्टरांवर ओरडली होती! दुपारच्या मुलींची तोंडं उघडीच राहिली. माझ्या मनात आलं, संपलं, लिनन रूम पक्की. आणि मग वाटलं, जायचंच आहे तर बोलून तरी जाऊ.

"मा...झं बोलून व्हायचंय," मी म्हटलं.

पावसकर सिस्टरांचं तोंड लाल झालं होतं. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हाताची घडी घातली.

"बोल."

लोकांना वाटतं, सगळे गप्प झाले की आमच्यासारख्यांना सोपं जातं. अहो कुठलं! सगळे गप्प झाले की प्रत्येक अडकणं ढळढळीत ऐकू येतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मान एका बाजूला ओढली गेली. आरशात मी ते बघितलेलं आहे, चांगलं दिसत नाही. एक मुलगी मदतीला ओठ उघडणार इतक्यात पावसकर सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. नजर माझ्यावरून काढली नाही.

"त्या... ह...ह...हसतात... तेव्हा... दुखतं. ब...ऱ्या असल्या की ग...प्प असतात."

वॉर्ड चिडीचूप झाला होता. त्या शांततेत फक्त अक्काताईंचं हसणं चालू होतं, एकटीचं. आता ते सगळ्यांना ऐकू आलं.

"कशावरून?" सिस्टरांनी विचारलं, आणि पुन्हा थांबल्या.

"ड्रेसिंगला ह...सतात. झालं की बंद. आज स...काळी गप्प होत्या. लि...फ्टपासून चालू आहे. थां...बत नाही."

पुढचं मला सांगावं लागलं नाही. त्या बाईचा झपाटा असा की मी वाक्य पुरं करेपर्यंत त्या पाच नंबरला पोचलेल्या होत्या. एक हात नाडीवर, दुसरा पोटावर.

"अक्काताई, दुखतंय का?"

"कुटं काय बाई! गुदगुल्या करू नगासा!"

सिस्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी माझा हात ओढून अक्काताईंच्या पोटावर ठेवला. पोट फळीसारखं ताठ होतं. वरून हसणं आणि खाली हे! कपाळावर घाम जमला होता, गोंदलेली बोटं चादर मुठीत पिळत होती, आणि तोंडानं बाई अजून मालकांची गंमत सांगतच होत्या.

मी त्यांची मूठ हातात घेतली.

"अक्काताई," मी म्हटलं, "रडा."

कसं कोण जाणे, दोन्ही शब्द सरळ आले. अक्काताईंनी माझ्याकडे बघितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, मग ओठ वाकडे झाले आणि बाई लहान पोरासारख्या फुटल्या. "लई दुखतंय गं पोरी. लई दुखतंय. मगापासनं दुखतंय."

सर्जन निंबाळकर शेजारच्या वॉर्डात राऊंडला होते. सिस्टरांनी निरोप पाठवला नाही, स्वतः धावत जाऊन आणलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि थिएटरला फोन करायला सांगितला. आतला एक टाका सुटला होता, पोटात घाण पसरायला लागली होती. अक्काताईंना पुन्हा टेबलावर घेतलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. पाळी संपली तरी गेले नाही. पावसकर सिस्टरही गेल्या नाहीत.

डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. "वाचतील," म्हणाले. "बरं झालं सिस्टर, तुम्ही लगेच ओळखलंत."

"मी नाही ओळखलं," पावसकर सिस्टर म्हणाल्या. "मी हिला गप्प बसवत होते. हिनं ओळखलं."

डॉक्टर बरं म्हणून गेले. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ओरडलीस ते बरं केलंस. पुन्हा मात्र ओरडू नकोस, मला बीपी आहे." आणि पदर डोळ्यांना लावून तरातरा निघून गेल्या.

महिना संपत आला तेव्हा अक्काताई दुसऱ्यांदा खाली जायच्या झाल्या. लोबो सिस्टर म्हणाल्या, "तूच ने." मी ट्रॉली घेऊन वॉर्डात शिरते तर दाराशी मेट्रन बाई उभ्या. मी अक्काताईंकडे बघितलं; त्या पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या, तोंडातून शब्द नाही. निदान ती काळजी नव्हती.

पावसकर सिस्टर आल्या. मी सवयीनं फाईल पुढे केली. त्यांनी घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवून दिली. मग एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. त्या बाईला वॉर्डात बसलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"या गं सगळ्या इकडे," त्यांनी हाक मारली. "हेमलता ओव्हर देतेय. तिचं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मीसुद्धा."

मी सुरुवात केली. नाव, ऑपरेशन, दुसरं ऑपरेशन, नळ्या, औषधं. अडखळले, किती वेळा ते विचारू नका. ताप सांगताना अडले, हिमोग्लोबिनला तर घाटातल्या गाडीसारखी थांबूनच राहिले. एकदा सिस्टरांचे ओठ हललेच, तोंडावर आलेला शब्द आता निसटतो की काय असं झालं. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मुली उभ्या होत्या. एकीनंही घड्याळाकडे बघितलं नाही. दुखणं कसं ओळखायचं ते मी सांगितलं तेव्हा मागच्या वेळच्या त्या उशीवाल्या शेजारणीनंही मान डोलावली.

तेवढ्यात मेट्रन बाई काही आठवून म्हणाल्या, "अगो बाई, माझी मिटिंग!" आणि अक्काताईंना त्याचं खुदकन हसू आलं. झालं! चार नर्सा एकदम पलंगावर धावल्या, एकीनं नाडी धरली, एकीनं पोट.

"अवो सोडा की!" अक्काताई ओरडल्या. "न्हाई दुखत! ह्ये खरं हसू हाय!"

मग मात्र सगळा वॉर्ड हसला, मेट्रन बाईसुद्धा. मिटिंगला त्या गेल्या नाहीत. हसू ओसरल्यावर मी राहिलेलं सांगून पुरं केलं, शेवटच्या गोळीपर्यंत. शेवटचा शब्द माझा मीच बोलले. कुणी उसना दिला नाही.

मेट्रन बाई म्हणाल्या, "लिनन रूमला मी दुसरी कुणीतरी बघते."

माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. नर्सिंगची टोपी डोक्यावर घातली होती त्या दिवशीही इतकी आली नव्हती. पुढं सगळी नोकरी मी पेशंटजवळच केली आणि हजारो ओव्हर दिले, पण त्या ओव्हरची सर कशालाच नाही.

मुली पांगायला लागल्या. पावसकर सिस्टर स्टुलावरून उठल्या नाहीत.

"थांबा गं," त्या म्हणाल्या. "हेमलता, आणखी काही?"

खरं म्हणजे काही नव्हतं. सगळं सांगून झालं होतं. पण मुली परत फिरल्या होत्या, मेट्रन बाई थांबल्या होत्या, आणि इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत स्वस्थ उभी आहेत असं माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

"आहे," मी म्हटलं, आणि अक्काताईंना चहा कसा लागतो ते सावकाश सांगायला लागले.